प्रश्न क्रमांक चौदा

चोपड्याच्या अलीकडे, यावल रस्त्याला जिनिंग.
फाटकापाशी मॅडमनी बूट बदलले.
ज्या कंपनीची तपासणी, तिचेच होते, पांढरे,
म्हणाल्या, हे घालून आत जाणं बरं दिसत नाही.
मी चपलेवर. रोज नऊशे, जेवण धरून.
काम एवढंच: त्यांचे बत्तीस प्रश्न
पावऱ्या-बारेलांच्या पालापर्यंत न्यायचे
आणि उत्तरं वाटेत न सांडता आणायची.

मशीन चालू असताना बोलणं
म्हणजे तोंडात रुई धरून बोलणं.
म्हणून सरकीच्या ढिगामागे बसलो.
रेवली बारेला. वय?
"लिख ना वीस," तिनं मला सांगितलं,
वीस रुपयांचं तेल मागावं तसं.

प्रश्न नऊ. तुम्ही काम कधीही सोडून जाऊ शकता का?
"जासू ना. उचल फिटनी का जासू."
मॅडमचं पेन पहिल्या दोन शब्दांवरच टेकलं होतं.
मी म्हटलं, थांबा, तिचं अजून चाललंय.
त्या थांबल्या. चांगल्या होत्या त्या, खरंच.
खालच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं काही.
रकाना दोन बोटांचा.
उचल तीस हजारांची, जोडप्यावर,
पोळ्याच्या आधी घेतलेली
आणि पोळ्याच्या आधीच
सासऱ्याच्या दवाखान्यात संपलेली.

प्रश्न चौदा. ओळखीची कागदपत्रं तुमच्याकडेच आहेत का?
रेवली हसली. पालात उंदीर किती!
"मुकादमनी पेटीमा शेतस. सांभायस तो."

सांभाळतो.
गुरं सांभाळतात. म्हातारी माणसं. दुसऱ्याची ठेव.
तिनं तो शब्द कौतुकानं उच्चारला
आणि मी तो कौतुकासकट पोचवला,
दुभाष्यानं स्वतःचं काही घालू नये
असं आदल्या दिवशी शिकवलं होतं आम्हाला.
"मागितली तर देतो?"
रेवलीनं कधी मागितलीच नव्हती.
'आढळले नाही' अशी एक चौकट असते,
तिच्यात खूण झाली.

(माझी बी.कॉम.ची मूळ गुणपत्रिका
जळगावच्या एजन्सीच्या कपाटात आहे,
करार संपेपर्यंत.
कपाट लोखंडी आहे, काळजी नको,
असं मीच आईला सांगितलं होतं.)

दुपारी शेवभाजीत भाकर मोडताना
मॅडमनी पुढचा रस्ता सांगितला:
गाठ इथून तमिळनाडूला, सूत समुद्रापलीकडे,
कापड आणखी कुठल्या बंदरात,
शेवटी पहाटे धावणाऱ्या कुणाच्या तरी अंगावर
हलका सदरा. 'श्वास घेणारा'
असं लिहितात म्हणे त्याच्या पट्टीवर.
गुलज्या भिंतीपलीकडे खोकत होता.
मॅडमनी घास ठेवला, मग उचलला.
तिखट होतं, पाणी मागितलं.

होळीच्या दहा दिवस आधी अहवाल आला.
कंपनीला शंभरपैकी अडतीस.
धोरण छापील आहे, गुण पूर्ण.
तक्रारीसाठी फोन नंबर आहे, त्याचेही.
कापूस कुठून येतो, या प्रश्नाला
'माहिती मिळवण्याचा प्रयत्न सुरू आहे',
आणि प्रयत्नाचे दोन.
आमच्या जिनिंगचं नाव कुठंच नव्हतं,
तळटीपेत 'मध्य भारतातील एक केंद्र' होतं.
खानदेश मध्य भारतात, हे मला नवीन.

रेवलीनं मिस कॉल दिला, मी लावला.
किती पडले, विचारलं.
अडतीस म्हटलं.
तिचा पोरगा आश्रमशाळेत, पस्तीसला काय होतं
ते तिला पाठ.
"मंग पास व्हयनी ना ती कंपनी!"
आणि लगेच, आवाज खाली आणून,
"आते भोंगऱ्याले सोडतीन ना आम्हले?"

पलीकडे मशीन सुरू झालं.
त्यापुढचं तिचं बोलणं ऐकू आलं नाही,
किंवा आलं,
आणि ते कुणाकडे न्यायचं
याचं माझं काही ठरलं नव्हतं.